ताजी मासळी, जाड आवरण

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर रुग्णालयात नेले, एक स्टेंट बसला आणि आठवड्याभरात तो घरी आला. घरी सोडताना डॉक्टरांनी आहाराबद्दल एकच वाक्य सांगितले, "मटण बंद करा, मासे चालतील." आमचे घर मूळचे रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठचे. मासे चालतील म्हटल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. वहिनीने ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखे पाळले. बुधवार, शुक्रवार, रविवार असे आठवड्यातून तीन दिवस सुरमई यायची. तुकड्यांना आले-लसूण, लाल मसाला, वर रव्याचा जाड थर आणि मग कढईत बुडवून तळण. उरलेले तेल झाकून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्याच तेलात भजी किंवा भाजीची फोडणी.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. वजन चार किलोने वाढले होते, रक्तदाब वर गेला होता, कोलेस्टेरॉल गोळ्या चालू असूनही हवे तितके उतरले नव्हते. "पथ्य पाळता ना?" असे विचारल्यावर भाऊ म्हणाला, "मटणाला हात लावला नाही डॉक्टर, फक्त मासे खातो." त्या दिवशी एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने पहिल्यांदा विचारले, "मासे करता कसे?"

हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. मीही नाही. मी तेहतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. त्या सहा महिन्यांत मी त्याच घरी किमान दहा वेळा जेवले. तो खरपूस तुकडा खाल्ला, वहिनीच्या हाताचे कौतुक केले आणि घरी आले. चूक वहिनीची नव्हती. तिला जे सांगितले ते तिने मन लावून केले. चूक आमची, म्हणजे आरोग्य खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसांची. आम्ही काय खावे ते सांगतो आणि कसे शिजवावे ते सांगायचे विसरतो.

म्हणून आज आरोग्याच्या पानावर मी मासळी शिजवण्याबद्दल लिहिते आहे. माझे मत थोडक्यात असे : मासळी जितकी ताजी, तितके तिचे आवरण पातळ असावे, मसाला थोडा असावा आणि आच बेताची असावी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांत हे उलटे झाले आहे आणि त्याची किंमत आपण दवाखान्यात मोजतो आहोत.

मासे खाणे वेगळे, तळण खाणे वेगळे

शंभर ग्रॅम मासळीतून साधारण अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. ती पचायला हलकी असतात. ब-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही, ते मासळीतून मिळते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत ओमेगा-३ नावाची स्निग्धाम्ले असतात, ती हृदयाला उपकारक समजली जातात. मांदेली, जवळा यांसारखी बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे हाडांना लागणारे कॅल्शियम मिळते. आणखी एक गोष्ट आपल्या बायकांनी लक्षात ठेवावी. मासळीबरोबर भाजी-भाकरी खाल्ली तर भाजी-भाकरीतले लोहही शरीरात जास्त शोषले जाते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. जेवणाला लागून चहा घेतला तर मात्र त्यातले बरेचसे वाया जाते.

आता हीच मासळी कढईत बुडवून तळली की काय होते? तुकड्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि त्या जागी तेल शिरते. माशाची स्वतःची चांगली चरबी काही प्रमाणात कढईत उतरते आणि कढईतले तेल माशात येते. म्हणजे पैसे मासळीचे दिले आणि पोटात गेले तळणीचे तेल. २००३ साली अमेरिकेतली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पासष्ट वर्षांवरच्या सुमारे चार हजार माणसांचा त्यात अभ्यास होता. भाजलेली किंवा भट्टीत शिजवलेली मासळी खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. तळलेली मासळी खाणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. तिथला तळलेला मासा आणि आपला मासा एक नव्हे, हे मान्य. पण वाट कोणत्या दिशेला जाते ते त्यावरून कळते.

तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले तर प्रश्न आणखी वाढतो. तेल काळपट होते, दाट होते, फेस येतो, घशाला लागते. अशा तेलात शरीराला घातक घटक तयार होत जातात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून व्यावसायिक तळणीच्या तेलावर मर्यादा घातली आहे. 'टोटल पोलर कंपाउंड' नावाच्या या खराब घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही, असा नियम आहे. हा नियम हॉटेले आणि फरसाणवाल्यांसाठी. आपल्या घरच्या कढईवर नजर ठेवायला कोणी निरीक्षक येत नाही. तिथे आपणच निरीक्षक.

आधी मासळी ओळखा

जाड आवरणाची आणि भडक मसाल्याची सवय आपल्याला लागली कुठून? माझ्या मते ती शिळ्या मासळीतून लागली. गावी खाडीवर पाग टाकून बोय किंवा शेंगटी मिळायची आणि तासाभरात चुलीवर चढायची. पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळायचे, ते तर पोरे हातात उड्या मारत असतानाच घरी आणायची. त्यांना हळद, मीठ, मिरची आणि दोन कोकमे पुरत. पुढे शहरात आलो. मासळी बर्फातून, ट्रकमधून, दोन-तीन हात फिरून दारात येऊ लागली. वास मारायला मसाला वाढला. विस्कटणारा तुकडा एकसंध राहावा म्हणून रवा वाढला. मग हॉटेलातल्या थाळीने त्यावर लाल रंग चढवला. आता तर ताजी मासळी मिळाली तरी आपण तिला शिळ्या मासळीसारखेच वागवतो.

म्हणून पहिले काम बाजारात. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, खोल गेलेले, पांढुरके नकोत. कल्ला उघडून पाहावा, आत लालबुंद हवे. तपकिरी आणि चिकट असेल तर ठेवून द्यावा. बोटाने दाबलेली जागा लगेच वर आली पाहिजे. वास खाऱ्या पाण्याचा यावा, नाकाला झोंबणारा नको. कोळीण रागावली तरी कल्ला उघडायला लावायचा, पैसे आपण मोजतो. २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात मासळीत फॉर्मेलिन घातल्याच्या तक्रारींवरून मोठा गदारोळ झाला होता. ज्या मासळीला काहीच वास नाही, माशी बसत नाही आणि मांस रबरासारखे ताठ आहे, ती घेताना विचार करावा.

घरी आणल्यावर मासळी पिशवीत तशीच ओट्यावर ठेवून टीव्ही पाहत बसू नये. विशेषतः बांगडा, तारली, कुपा. ही मासळी उन्हात, उकाड्यात राहिली की तिच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, छातीत धडधडते. लोक म्हणतात, "बांगडा बाधला." महत्त्वाची गोष्ट अशी, की हे हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. कितीही मसाला लावा, कितीही कडक तळा, ते राहतेच. मसाला वास झाकतो, दोष काढत नाही. लगेच शिजवायची नसेल तर मासळी साफ करून, धुऊन, बर्फात किंवा फ्रीजच्या सर्वांत थंड भागात ठेवावी.

आवरण किती आणि कशाचे

मी आवरणाच्या विरोधात नाही. आवरणाचे एक काम आहे. माशाचे नाजूक मांस थेट तव्यावर टाकले तर चिकटते, फाटते आणि कोरडे होते. पातळ आवरण मांसाला तव्यापासून वाचवते आणि वरून कुरकुरीत होते. एवढेच त्याचे काम. काम एवढे असेल तर त्याला जाडी कशाला?

माझ्या अनुभवात तांदळाचे पीठ सर्वांत चांगले. ते बारीक असते, पातळ बसते, लवकर कुरकुरीत होते. बारीक रवाही चालतो, पण एकटा रवा नको. दोन वाटे तांदळाचे पीठ आणि एक वाटा बारीक रवा असे मिश्रण करावे. अर्धा किलो मासळीला हे मिश्रण तीन-चार मोठे चमचे पुष्कळ झाले. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठही लावून पाहावे. नाचणीचा रंग काळपट येतो, पण चव छान लागते. बेसन आणि मैद्याचे घोळ, अंडे आणि पावाचा चुरा, कॉर्नफ्लॉवर ही आवरणे जाड बसतात आणि भरपूर तेल पितात. ती कधीतरी पाहुण्यांसाठी ठेवावीत, पथ्याच्या माणसाला देऊ नयेत.

आवरण पातळ बसावे याची युक्ती सोपी आहे, पण घाईत आपण ती विसरतो. मासळीला मीठ लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. मिठाने पाणी सुटते. ते पाणी निथळून टाकावे आणि तुकडे स्वच्छ कापडाने टिपून घ्यावेत. मग मसाला लावावा. पीठ ताटात पसरून तव्यावर टाकायच्या अगदी आधी तुकडा त्यात टेकवावा आणि झटकावा. ओला तुकडा पिठात घोळवून ठेवला की पीठ भिजते, लगदा होतो, तो लगदा तेल पितो आणि शेवटी तव्यावर सुटून येतो. मग आपण म्हणतो, रवा कमी पडला, आणखी घाला.

बोंबलाची गोष्ट वेगळी. त्याच्यात पाणी फार. तो चिरून, उघडून, दोन फडक्यांमध्ये ठेवून वर पाटा किंवा जड ताट ठेवायची जुनी पद्धत आहे. अर्ध्या तासात पाणी निघून जाते. मग त्याला पिठाचा नुसता हात लावला तरी पुरतो.

मीठ, आंबट आणि मसाला

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, तोही सगळे जेवण, लोणचे, पापड, बिस्किटे धरून. आपण मासळीला आधी मीठ लावतो, मसाल्यात पुन्हा घालतो, पिठात तिसऱ्यांदा घालतो. त्यात बाजारातल्या तयार 'फिश फ्राय' मसाल्याच्या पाकिटात मीठ असतेच. भावाचा रक्तदाब कशाने वर गेला त्यातले एक कारण तिथे सापडले. आता त्यांच्या घरी नियम आहे : मीठ एकदाच, सुरुवातीला. अर्धा किलोला एक सपाट चहाचा चमचाभर. निम्मे सुटलेल्या पाण्याबरोबर निघून जाते असे समजू नये, म्हणून त्याहून कमीच घालावे. मसाल्यात नाही, पिठात नाही.

मीठ कमी केले की चव जाते, असे लोक म्हणतात. ती चव आंबटाने भरून निघते. आपल्याकडे आंबटाला तोटा नाही. कोकमाचे आगळ, चिंचेचा कोळ, कच्ची कैरी, लिंबू. माशाचा जो हिंवस वास असतो, तो ज्या पदार्थांमुळे येतो त्यांना आंबट बांधून टाकते, म्हणून आपल्या आयांनी मासळीला नेहमी आंबट लावले. फक्त आगळ विकतचे असेल तर चाखून घ्यावे, त्यात मीठ भरपूर असते. लिंबू लावून मासळी तासन् तास ठेवू नये. मांस पांढरे पडते आणि भुसभुशीत होते. पंधरा-वीस मिनिटे पुरे.

मसाला किती? ताज्या मासळीला हळद, लाल तिखट, ठेचलेला लसूण आणि आंबट एवढे पुष्कळ. बांगडा-तारलीला तिरफळे छान लागतात. सरंगा किंवा सौंदाळ्यासारख्या सौम्य मासळीला कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आले यांचे हिरवे वाटण लावावे. गरम मसाला मासळीत घालायचे काही कारण मला दिसत नाही. लालभडक रंगाचा हट्ट तर मुळीच नको. रंगाला बेडगी मिरची आहे.

चार सोप्या रीती

पहिली रीत, तव्यावर. लोखंडी तवा चांगला तापवावा. तीन-चार छोटे चमचे तेल पसरावे. तेल तापल्यावरच तुकडे ठेवावेत आणि गर्दी करू नये. गार तेलात ठेवले किंवा एकदम आठ तुकडे कोंबले की तव्याची उष्णता उतरते आणि पीठ तेल पीत बसते. एक बाजू होईपर्यंत तुकडा हलवू नये. खालची बाजू तयार झाली की तो आपोआप सुटतो. मध्यम तुकड्याला एका बाजूला तीन-चार मिनिटे लागतात. बांगडा-तारलीला तर आणखी कमी तेल चालते, त्यांचे स्वतःचेच तेल सुटते. उतरल्यावर जाळीवर किंवा कागदावर ठेवावा. तव्यात उरलेले चमचाभर तेल पुसून टाकावे, जपून ठेवू नये.

दुसरी रीत, कालवण. आमच्या आईचे कालवण मी अजून तसेच करते. ओले खोबरे थोडे, लसूण, धने, लाल मिरची यांचे वाटण, आंबटाला कोकम. आधी वाटण पाण्यात उकळून घ्यायचे, मासळी सर्वांत शेवटी सोडायची. तारली, मांदेलीला पाच मिनिटे, जाड तुकड्याला आठ-दहा. डाव फिरवायचा नाही, पातेले धरून हलवायचे. वरून कच्च्या तेलाचे दोन थेंब टाकले तरी चालतात, नाही टाकले तरी चालतात. या रीतीत मासळीतून जे काही उतरते ते रश्श्यातच राहते आणि भाताबरोबर पोटात जाते. पथ्याच्या माणसाला याहून चांगले काही नाही. खोबरे मात्र हात राखून.

तिसरी रीत, पानात. हळदीचे किंवा केळीचे पान घ्यावे. मासळीला हिरवे वाटण लावून पानात गुंडाळावी, तव्यावर ठेवून झाकण घालावे आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावी. पान करपते, आतली मासळी आपल्याच वाफेत शिजते. तेल चमचाभरही लागत नाही, आवरणाचे काम पान करते. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ही मासळी फार आवडते. मुलांना देताना काटे बोटाने तपासूनच द्यावेत.

चौथी रीत, वाफेवर. इडलीपात्र किंवा मोदकपात्र प्रत्येक घरात आहे. ताटलीत मासळी, वर मीठ-हळद-लसूण-मिरची, दहा-बारा मिनिटे वाफ. खाताना लिंबू. आजारातून उठलेल्या माणसाला हे द्यावे.

शिजली की नाही हे ओळखायचे कसे? मांस काचेसारखे असते ते पांढरे, अपारदर्शक होते आणि बोटाने दाबले की पाकळ्या सुटतात. तिथे थांबायचे. त्यापुढे शिजवली की मासळी कोरडी होते आणि मग कोरडेपणा घालवायला पुन्हा तेल लागते. पण अर्धी कच्चीही ठेवू नये, विशेषतः गोड्या पाण्यातली.

ज्यांच्याकडे समुद्र नाही त्यांनी हा लेख कोकणापुरता समजू नये. उजनीची चिलापी भिगवणच्या बाजारात मिळते, जायकवाडीची मासळी आहे, भंडारा-गोंदियाच्या तलावांत रोहू, कटला, मरळ आहे. गोड्या पाण्यातल्या मासळीला कधी चिखलाचा वास येतो. ती मीठ-हळद आणि चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून धुतली की वास कमी होतो. तिकडच्या घरांत जवस, तीळ, शेंगदाण्याचे कूट लावून रस्सा करतात, तो उत्तमच. फक्त कटाचा तवंग बोटभर नको.

"आता कुठे चार घास मिळताहेत"

हे सगळे मी आमच्या वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत सांगितले, तेव्हा सत्तरीच्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "बाय, आमच्या घरात तेलाची बाटली सणालाच यायची. कालवण म्हणजे लाल पाणी. आता पोरं कमावती झालीत, आता कुठे चार घास तळलेलं मिळतंय, तर तू ते पण काढून घेतेस?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या माणसांचे अन्न पिढ्यान् पिढ्या तेल-तुपावाचून होते, ते आवडीने नव्हे, नाइलाजाने. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात २०१५ साली केली, तोवर आपल्या चुलीवर काय शिजत होते याची फारशी कोणी दखल घेतली नव्हती. ज्यांना तेल मिळालेच नाही त्यांना 'तेल सोडा' असे सांगणे क्रूर वाटू शकते. आणि आजचा तळलेला तुकडा आपल्याला नुसता रुचकर लागत नाही, तो आपण वर आलो याची खूण वाटतो.

पण मी त्या आजींना शेवटी एक गोष्ट सांगितली. गरिबीतले ते लाल पाणी आणि आजचे कालवण एक नाही. तेव्हा चार माणसांत दोन तारल्या असायच्या. आज आपण अर्धा किलो आणू शकतो. वर यायचे असेल तर पातेल्यातली मासळी वाढवू या, कढईतले तेल नको. तेल सोडा असे मी म्हणतच नाही. डॉक्टर सर्वसाधारणपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल सांगतात. पाच माणसांच्या घरात अडीच लिटर. आपल्या घरात किती लागते ते एकदा मोजून पाहावे. आमच्या भावाच्या घरी चार माणसांत साडेपाच लिटर लागत होते.

तुकडे कोण मोजते?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तळलेल्या मासळीचे तुकडे मोजून होतात. किलोभर सुरमई आणली तर आठ-दहा तुकडे. आधी घरातल्या पुरुषांना, मग मुलांना, मग पाहुण्यांना. करणाऱ्या बाईच्या वाट्याला शेपटीचा तुकडा, नाहीतर तव्यातला कुरकुरीत चुरा आणि भात. मी हे आमच्या घरी पाहिले, शेजारी पाहिले, वॉर्डात भरती झालेल्या फिक्या चेहऱ्याच्या बायकांना विचारल्यावर ऐकले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांच्या ताटात मासळी पोचत नसेल तर तिच्या गुणांची यादी कितीही लांब असो, तिचा उपयोग काय?

सुरमईच्या दोन तुकड्यांच्या पैशांत बांगडे, तारली, मांदेली ढीगभर येतात. पथ्यालाही हीच मासळी चांगली. मोठ्या, दुसऱ्या माशांना खाऊन वाढणाऱ्या मासळीत पारा साठतो, म्हणून गरोदर बाईने मोरी, मोठी सुरमई वारंवार खाऊ नये असे सांगतात. बारीक मासळीत ती भीती कमी. कालवण डावाने वाढले जाते, मोजून नाही, त्यामुळे शेवटी बसणाऱ्या बाईलाही मिळते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिने शेवटी बसूच नये. सगळ्यांनी एकत्र बसावे, जो तो आपले वाढून घेईल.

भावाची तब्येत आता बरी आहे. वजन उतरले, रक्तदाब गोळीच्या काबूत आला. हे सगळे नुसत्या मासळीने झाले असे मी म्हणणार नाही. तो रोज चालतो, तंबाखू सोडली, औषध वेळेवर घेतो. पण वहिनीची मोठी कढई आता माळ्यावर आहे. शुक्रवारी तारलीचे कालवण, रविवारी तव्यावरचे बांगडे, तांदळाच्या पिठाचा नुसता हात लावून. परवा मी गेले तर तिने माझ्या आधी स्वतःचे ताट वाढून घेतले आणि म्हणाली, "बसा ताई, आज माझ्या पण ताटात अख्खा बांगडा आहे."

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या आठवड्यात मासळी आणाल तेव्हा एकदा करून पाहा. कल्ला उघडून घ्या, मीठ एकदाच लावा, तुकडे टिपून घ्या, पीठ झटका, तेल चमच्याने मोजा. आणि घरात कोणाला डॉक्टरांनी "मासे चालतील" असे सांगितले असेल, तर तिथेच थांबून विचारा, "डॉक्टर, पण कसे केलेले?"